दोन चुलींचा जमाखर्च

जुलै १९१४ मध्ये मुंबईतल्या कामगार कुटुंबाला ज्या जिनसांसाठी शंभर रुपये मोजावे लागत, त्याच जिनसांना ऑक्टोबर १९२० मध्ये १९३ रुपये पडत होते. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने काढलेल्या राहणीखर्चाच्या निर्देशांकातला हा सर्वांत वरचा टप्पा. गिरणीमालकांनी पगारावर महागाईची जी वाढ दिली, ती नोव्हेंबर १९२० पर्यंत ठरावीक पगाराच्या कामगारांसाठी ७० टक्क्यांवर आणि नगावर मजुरी घेणाऱ्या पुरुषांसाठी ८० टक्क्यांवर पोचली होती. तीही आपोआप मिळाली नाही. जानेवारी १९१९ चा आणि पुन्हा जानेवारी १९२० चा असे दोन सार्वत्रिक संप झाले, लाखाहून जास्त माणसे गिरण्यांबाहेर बसली, तेव्हा एकेक हप्ता पदरात पडला. भाव आधी चढले आणि पगार मागून, अडखळत आला. मधल्या काळात १९१८ चा पाऊस फसला आणि इन्फ्लुएंझाची साथ शहरातून आणि खेड्यापाड्यांतून फिरली. त्या दोन-तीन वर्षांत भाव आणि पगार यांच्यामधली फट गिरणगावातल्या घरांनी कशी भरून काढली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

याचे नेहमीचे उत्तर काटकसर हे आहे. महागाई आली की घर आधी हौसमौज सोडते, मग चांगल्या जिनसेऐवजी हलकी घेते, मग पोटाला चिमटा घेते, असा क्रम आपण गृहीत धरतो, आणि तो कर्त्या माणसाच्या किंवा गृहिणीच्या शहाणपणाचा भाग मानतो. गिरणगावाच्या नोंदी नीट वाचल्या तर वेगळे चित्र दिसते. तिथल्या घराकडे महिन्याच्या खर्चात कापण्यासारखे फारच थोडे होते. महागाईचा भार त्या घराने खर्च कमी करून पेलला, असे म्हणता येत नाही. त्याने तो भार हलवला. काही कोकणातल्या दुसऱ्या चुलीवर टाकला, काही वाण्याच्या खात्यावर, आणि उरलेला सगळा बाईच्या अंगमेहनतीवर. सरकारी पाहण्यांनी घर म्हणजे एक खोली आणि एक पगार असे धरल्यामुळे ही हलवाहलव त्यांच्या तक्त्यांत नीटशी उमटली नाही.

आधी तक्तेच पाहू. लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झाले आणि फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली त्याने १९२१-२२ मध्ये मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. अहवाल १९२३ मध्ये आला. त्यात कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे आणि वर काही पै. खर्चाची वाटणी अशी: अन्न ५६.८ टक्के, जळण आणि दिवाबत्ती ७.४, कपडे ९.६, भाडे ७.७ आणि किरकोळ १८.५. बावन्न रुपये पुरते खर्च होतात असे धरले, तर जवळजवळ तीस रुपये पोटात जात आणि चार रुपये खोलीला लागत. भाड्यात तसा दिलासा होता. १९१८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ते फार चढू दिले नव्हते. पण ते कमी करायचे म्हटले तर एका खोलीतून कुठे जाणार? पाहणीतली जवळजवळ सगळीच, शंभरातली सत्त्याण्णव, कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. आणखी खाली उतरण्याची एकच वाट होती: त्याच खोलीत आणखी माणसे घेणे. ती लोकांनी घेतली. पोटभाडेकरू ठेवले, गाववाल्यांना पथारीपुरती जागा दिली. सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने पुढे नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या, कारण त्यांचे भाडे परवडत नव्हते. गर्दी लोकांना आवडत होती म्हणून ते जुन्या चाळींत राहिले, असा अर्थ त्यातून निघत नाही.

अन्नाचे काय? शिरास यांच्या अहवालातले सर्वांत गाजलेले वाक्य याच ठिकाणी आहे. कामगारांच्या खाण्यातले धान्य दुष्काळ संहितेने सांगितलेल्या कमाल मापाइतके भरते, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्यांसाठी ठरवलेल्या शिध्यापेक्षा कमी पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर मोठा वाद झाला. माझ्या दृष्टीने त्या तुलनेचे महत्त्व वेगळे आहे. हा अहवाल निर्देशांक १९३ वरून खाली उतरल्यानंतरचा आहे. १९२१ ची सरासरी १७३ होती आणि १९२२ ची १६४. भाव उतरू लागलेल्या काळात जर ताट कैद्याच्या ताटापेक्षा लहान होते, तर १९१८ ते १९२० मध्ये त्यातून काय काढणार होते? भात आणि भाकरी कमी करता येत नाही, कारण दिवसभर साचा चालवणाऱ्या माणसाला तेवढे लागतेच. निघू शकते ते दूध, तूप, भाजी, कधीमधीची मासळी. ती निघाली की पैशाची बचत थोडी होते आणि शरीराची हानी पुष्कळ. पगार आणणाऱ्या पुरुषाच्या ताटाला शेवटी हात लागतो, हेही तक्त्यात येत नाही. ताट कोणाचे, असा प्रश्न पाहणीने विचारलाच नव्हता.

इथे एक आक्षेप त्या काळीही घेतला जाई आणि आजही घेतला जातो. १८.५ टक्के किरकोळ खर्चात दारू होती, विडी-तंबाखू होती, पानसुपारी होती, सणवार होते, आणि लग्नांसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज होते. मग कापायला जागा नव्हती असे कसे म्हणता? आक्षेप पोकळ नाही. दारूने घरे बुडवली, आणि त्याची किंमत बायकांनी व मुलांनी मोजली, हे नाकारणे म्हणजे त्यांच्या हालांवर पांघरूण घालणे होय. पण याच रकान्यात न्हाव्याचे पैसे होते, भांडीकुंडी होती, गावी जाण्यायेण्याचा खर्च होता. आणि लग्नकार्य हा त्या माणसाच्या दृष्टीने वायफळ खर्च नव्हता. गिरणीत काम मिळायचे ते मुकादमाच्या ओळखीने, मुकादम भेटायचा तो गाववाल्यांच्या किंवा भावकीच्या मध्यस्थीने. आजारपणात, खाडा पडल्यावर, संपात उसनवार मिळायची ती याच माणसांकडून. विमा नाही, पेन्शन नाही, बदली कामगाराला उद्याच्या कामाची शाश्वती नाही, अशा शहरात नातेसंबंध टिकवण्यासाठी केलेला खर्च हीच त्याची पुढची तरतूद होती. महागाईत तो थांबवला तर महिना निघाला असता, पण पुढच्या अडचणीत दार ठोठावायला घर उरले नसते.

आता वाण्याच्या खात्याकडे वळू. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर बऱ्याच दिवसांनी होई. नव्याने कामाला लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पैसा पडेपर्यंत दीड महिना उलटलेला असे. तेवढे दिवस खायचे कशावर? उधारीवर. म्हणजे शहरातल्या संसाराचा पहिला घासच उधारीचा होता. चाळीखालचा वाणी खात्यावर तांदूळ, डाळ, मीठ-मिरची, घासलेट देई. पगाराच्या दिवशी जमेल तेवढे फेडायचे आणि त्याच संध्याकाळी पुन्हा नवे खाते उघडायचे. खात्यावरच्या गिऱ्हाइकाला भाव विचारण्याची सोय नसते, आणि माल हलका निघाला तरी दुकान बदलता येत नाही. भाव वाढले की रोखीने घेणारा माणूस दुसरे दुकान शोधतो. खातेवाला तिथेच बांधलेला राहतो. त्यामुळे बाजारात जी महागाई होती, त्याहून जास्त महागाई या घरांना सोसावी लागत होती, आणि निर्देशांकात ती मोजण्याची सोय नव्हती. शिरास यांच्या पाहणीत ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. सावकाराचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. वसुलीला पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा राहणारा काठीवाला पठाण या काळातल्या सगळ्याच आठवणींत आहे.

कर्जाचा एक गुणधर्म इथे लक्षात घ्यायला हवा. भाव उतरले तरी ते उतरत नाही. लेबर ऑफिसने १९३२-३३ मध्ये पुन्हा तशीच पाहणी केली, तेव्हा भाव १९२० च्या शिखराच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते. स्वस्ताई होती म्हणा ना. तरी कर्जात असलेली कुटुंबे ७५ टक्के निघाली. यात बेकारीचा आणि पगारकपातीचा वाटा मोठा होता, सगळे खापर जुन्या महागाईवर फोडता येणार नाही. पण महागाईत घेतलेला रुपया स्वस्ताईत फेडायचा म्हणजे जास्त पायली तांदळाइतका फेडायचा, हे गणितही त्यात होतेच.

आणि दुसरी चूल. त्या काळात गिरणी कामगारांतला सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला होता. त्याखालोखाल साताऱ्यासारख्या घाटावरच्या जिल्ह्यांतले लोक. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे साधारण ५२५ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरीत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त. एकाच समाजाचे हे दोन अर्धे भाग होते. शिरास यांनी २,४७३ कुटुंबांखेरीज ६०३ 'एकट्या' पुरुषांचे जमाखर्चही गोळा केले. पण त्यांतले बहुतेक एकटे नव्हतेच. त्यांची बायका-मुले, आईबाप गावी होते. पाहणीने अर्धे घर मोजले आणि उरलेल्याची नोंद 'गावी पाठवलेले पैसे' अशी एका ओळीत केली.

महागाई आली की या अर्ध्या भागांची मांडणी बदलायची. बायको-मुले मुंबईत असतील तर त्यांना भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसवून गावी धाडायचे, आणि नवऱ्याने खोली सोडून गावकीच्या खोलीत वळकटी टाकायची. त्या खोलीत पाळीप्रमाणे माणसे झोपायची: दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा. जेवण खानावळीत. एका फटक्यात शहरातला खर्च निम्म्याच्या खाली यायचा. गावी मात्र तीच तोंडे भात, नाचणी, वरी यांवर जगवायची असत, आणि त्यासाठी लागणारे श्रम कोणत्याच हिशेबात नव्हते. चिखलात लावणी करणारी, नाचणी कांडणारी, रानातून लाकूडफाटा आणणारी, परसातल्या वेलाची भाजी आणि सुकटीचा तुकडा यांवर कालवण भागवणारी, पावसाळ्याची बेगमी वैशाखातच करून ठेवणारी बाई मुंबईच्या महागाईचा एक मोठा हिस्सा स्वतः उचलत होती. सुटीवरून परतणाऱ्या माणसाच्या गाठोड्यात तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, सुकी मासळी असे. मुंबईच्या बाजारभावाने त्या गाठोड्याची किंमत केली, तर तो गावाने शहराला दिलेला भत्ताच होता.

यावर एक वजनदार हरकत आहे. पैसा तर उलट दिशेने वाहत होता! कोकण मनिऑर्डरीवर जगत होते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. मग गावाने शहर पोसले असे म्हणणे उलटे नाही का? मनिऑर्डर खरी होती आणि तिच्यावाचून घरे चालली नसती, हेही खरे. पण ती कशासाठी लागे ते पाहावे. कोकणातली जमीन बहुतेक ठिकाणी खोताच्या ताब्यात. कूळ म्हणून कसायची आणि पिकातला मोठा हिस्सा खोताच्या कोठारात घालायचा. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. उरलेले भात वर्षाच्या काही महिन्यांपुरते, म्हणून पुढचे धान्य विकतच घ्यावे लागे. मनिऑर्डर या खिंडारात जाई. भाव दुप्पट झाले आणि मनिऑर्डरीचा आकडा तोच राहिला, की तेवढ्याच रुपयांत गावच्या घरात निम्मे धान्य यायचे. महागाईचा फटका अशा रीतीने मनिऑर्डरीतूनच गावात पोचे. धान्याचे भाव वाढल्याने शेतकऱ्याचा फायदा होतो, हा नियम इथे उलटा पडला, कारण इथला शेतकरी विकणारा कमी आणि विकत घेणारा जास्त होता.

१९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने कामगाराचा गावाशी असलेला संबंध ही जमेची बाजू मानली आणि तो टिकवावा असे सुचवले. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी पुढे दाखवून दिले की हा संबंध म्हणजे मागासलेपणाचा अवशेष नव्हता. बेभरवशाच्या नोकरीत तग धरण्याचा तो विचारपूर्वक केलेला उपाय होता. मला चंदावरकरांचे म्हणणे पटते. संपाच्या काळात त्याचा पुरावाच मिळतो. १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला, तो गाव पाठीशी होते म्हणून. पण उपाय कोणाच्या श्रमांवर उभा होता, हा प्रश्न शिल्लक राहतोच. गिरणीमालकाला कामगाराच्या म्हातारपणाचा, बाळंतपणाचा, आजाराचा खर्च द्यावा लागत नव्हता, कारण तो गाव देत होते. पगार कमी ठेवणे त्यामुळेच शक्य झाले.

पगार शेवटी वाढलेच ना, अशी आणखी एक हरकत घेता येईल. १९२३ मध्ये निर्देशांक १५४ पर्यंत उतरला आणि महागाईची वाढ कायम होती, तेव्हा कामगाराच्या हाती खरोखर थोडे जास्त येत होते. ते किती टिकले? १९२४ मध्ये बोनस बंद झाला, त्यावर संप झाला आणि कामगार हरले. १९२५ मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. ती रद्द व्हायला पुन्हा अडीच महिन्यांचा संप लागला. महागाईत गमावलेले भरून निघायच्या आत पुढची झुंज सुरू होत होती.

शहरात राहिलेल्या बायकांच्या वाट्याला काय आले, त्याची एक नोंद वाचताना आजही मन घट्ट करावे लागते. तेव्हा गिरण्यांत पाचातली एक कामगार स्त्री होती, मुख्यतः रीळ आणि वाइंडिंग खात्यांत. बाई दहा तास खात्यात असताना तान्ह्या मुलाने काय करायचे? १९२२ मध्ये डॉ. बार्न्स यांनी या स्त्रियांच्या बाळंतपणाची आणि मुलांची पाहणी केली. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात होती, असे त्यांनी नोंदवले. अफूची ती गोळी बाजारात बाळागोळी म्हणून मिळे. मूल झोपून राही, रडत नसे, भूक लागल्याचेही सांगत नसे. या आयांना निष्ठुर ठरवणे सोपे होते आणि पुष्कळांनी ठरवलेही. पण दुसऱ्या पगाराशिवाय महिना निघत नाही आणि मूल सांभाळायला कोणी नाही, अशा कोंडीत बाळागोळी हा सर्वांत स्वस्त पाळणा होता. महागाईशी जुळवून घेणे याचा हा अर्थ कोणत्याही निर्देशांकात बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात दोन गोष्टी बदलल्या. महागाई भत्ता हा मालकाच्या मर्जीचा न राहता हक्काचा विषय झाला. त्यासाठी मार्च १९४० मध्ये गिरणगावात मोठा संप झाला, आणि भत्ता निर्देशांकाशी जोडण्याची पद्धत हळूहळू रुळली. आणि २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. कार्डावर माणशी ठरलेले धान्य ठरलेल्या भावाने मिळू लागले, त्यामुळे वाण्याच्या खात्याची पकड सैल झाली. रेशनिंगचे हे ऋण मान्य करायला हवे. त्याच वेळी रांग आली. धान्याचा भाव कमी झाला तो काही अंशी घरातल्या बाईच्या तासांनी चुकता होऊ लागला: पहाटे पिशवी ठेवून नंबर लावणे, माल संपला की दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, तांदळातले खडे वेचणे.

१९७२-७३ च्या महागाईत हे सगळे उघड्यावर आले. घाटावर आणि मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता, म्हणजे त्या भागातून आलेल्या कामगारांची गावाकडची चूल स्वतःच विझली होती. तिथली माणसे दुष्काळी कामांवर सुकडी खात होती. कोकणातल्या जमिनींचे तुकडे पडत गेले होते आणि कुटुंबे दोन पिढ्यांत मुंबईकर झाली होती. भार हलवायला पूर्वीइतकी जागा उरली नव्हती. रेशनवर लाल मिलो येत होता, त्याच्या भाकऱ्या थापताना तुटत. तेल आणि घासलेट मिळत नव्हते. १९१९-२० मध्ये महागाईविरुद्धचा आवाज गिरणीच्या दारातून उठला होता. या वेळी तो स्वयंपाकघरांतून उठला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, घराघरांतून थाळ्या वाजल्या. त्यांच्या मागण्या तेल, साखर, घासलेट, धान्य यांच्या होत्या, अगदी रोजच्या. या आंदोलनाची नंतर पुष्कळ थट्टा झाली, आणि ती अन्यायाची होती. जो भार अर्धे शतक घराच्या आत मुकाट उचलला गेला, तो सरकारचाही विषय आहे, हे या बायकांनी ठणकावून सांगितले.

याच सुमाराला खानावळवाल्याही पुढे आल्या. गिरणगावातली खानावळ म्हणजे हॉटेल नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई, पुष्कळदा विधवा किंवा नवऱ्याचे काम सुटलेली, दहा-पंधरा पुरुषांना महिन्याच्या बोलीने दोन वेळ जेवू घाली. धान्य ती खात्यावर आणी, पैसे पगारानंतर मिळत. भाव वाढले तरी महिन्याचा दर लगेच वाढवता येत नसे, कारण जेवणारा माणूस गावी पैसे पाठवणारा, आणि बहुतेक वेळा तिच्याच गावचा. मधला फरक ती स्वतःच्या कष्टांतून भरी. नाहीच जमले तर मंगळसूत्र गहाण पडे. संप झाले तेव्हा याच बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना छोटी कर्जे मिळवून दिली. त्या बायकांना फुकट काही नको होते. वाण्याच्या आणि सावकाराच्या दरापेक्षा कमी व्याजाचे भांडवल हवे होते, आणि बँकेने ते देताना तारण म्हणून एकमेकींची हमी चालवून घेतली.